निवाडा आधी की करुणा?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शेंद्रा येते. या गावाचे एक रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. पंचतारांकित औद्योगिक वसाहत, २००१ पासून चालणारा स्कोडाचा मोटार कारखाना, ऑरिक या नावाने उभे राहत असलेले औद्योगिक नगर आणि रुंद रस्ते हे ते रूप. दुसरे रूप चैत्रात दिसते. शेंद्रा कमंगर येथील मांगीरबाबाच्या यात्रेला दूरदूरच्या गावांतून भाविक लोटतात. मातंग समाज आणि अन्य वंचित समाजघटकांतील माणसे त्यांत मोठ्या संख्येने असतात. केलेला नवस फेडण्यासाठी अंगात लोखंडी गळ टोचून घेण्याची प्रथा या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रबोधन झाले, आंदोलने झाली, २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तरी ती पूर्णपणे थांबलेली नाही.

कोणाचे लेकरू आजारातून उठलेले असते, कोणाची कूस उजवलेली असते, कोणाच्या घरामागची पीडा टळलेली असते. त्या ऋणाची फेड म्हणून हा माणूस आपली कातडी पुढे करतो. या दृश्याकडे पाहणाऱ्याच्या मनात प्रथम काय यावे? हा केवढ्या पापात बुडाला आहे, असे यावे, की याला केवढे दुखत असेल, असे यावे? वरकरणी साधा वाटणारा हा प्रश्न खरे तर एका मोठ्या वादाचा गाभा आहे. ख्रिस्ती धर्मपीठाने जगभर पापाचा विचार कसा केला, इतरांचा निवाडा कसा केला आणि दुःखितांविषयी करुणा कोणत्या अटीवर दाखवली, या वादाचा. त्याचे उत्तर देताना आपल्यालाही स्वतःकडे पाहावे लागणार आहे.

पाप प्रथमपुरुषी आणि पाप द्वितीयपुरुषी

एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांनी आपल्या मायदेशी पाठवलेल्या वृत्तांतांत गळ आणि बगाड यांची वर्णने वारंवार येतात. ती वाचून ब्रिटन-अमेरिकेतील भाविकांची मने द्रवत आणि मिशनच्या पेट्यांत पैसा पडे. गळ टोचून घेणारा माणूस त्या वर्णनांत एक नमुना म्हणून येतो, मूर्तिपूजेच्या पापाने अंध झालेल्या एका अख्ख्या समाजाचा नमुना म्हणून. त्याचे नाव काय, त्याचे मूल कशाने आजारी होते, गावाच्या वेशीबाहेर त्याला पाणी कोठून मिळत होते, हे प्रश्न तेथे क्वचितच पडतात.

असे का झाले? केवळ त्या मिशनऱ्यांचा स्वभाव कठोर होता म्हणून नव्हे. त्यांच्यातील अनेकजण कष्टाळू आणि निःस्पृह होते, हे मान्य केलेच पाहिजे. दोष त्यांच्या हाती दिलेल्या मोजपट्टीत होता. पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मशास्त्रात संत ऑगस्टीनपासून आद्यपापाचा सिद्धान्त दृढ झाला. आदमाने केलेल्या अवज्ञेचा कलंक प्रत्येक मानवाला जन्मतःच लागतो आणि बाप्तिस्म्याशिवाय तो धुतला जात नाही, असे हा सिद्धान्त सांगतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. पण हिंदुस्थानात जे धर्मोपदेशक आले ते बहुतांश पश्चिमेचे. त्यांच्या दृष्टीने पाळण्यातले मूलही निर्दोष नव्हते. बाप्तिस्म्याविना दगावलेल्या अर्भकांचे काय होते, या प्रश्नाने कॅथलिक धर्मपंडितांना शतकानुशतके छळले. अशा बालकांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने सांगितले ते २००७ साली. ज्या मातांची लेकरे त्याआधीच्या शतकांत दगावली, त्यांनी काय सोसले असेल याची कल्पना करावी.

जो धर्म आपल्याच घरातील अर्भकाविषयी इतका साशंक राहिला, त्याने परधर्मीयांविषयी काय म्हटले असेल? फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४४२ साली निःसंदिग्ध घोषणा केली की, मृत्यूपूर्वी चर्चच्या आत न आलेला मूर्तिपूजक असो, ज्यू असो वा पाखंडी, त्याच्या वाट्याला चिरंतन अग्नीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सूर बदलला आणि हिंदू व बौद्ध धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आपण नाकारत नाही, असे म्हटले. त्या बदलाचे आपण स्वागतच केले पाहिजे. परंतु १९९९ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक कापायचे आहे, अशी आकांक्षा त्यांनी प्रकट केली. पुढल्याच वर्षी व्हॅटिकनच्या एका अधिकृत दस्तऐवजाने अन्य धर्मीयांची स्थिती, उद्धाराच्या दृष्टीने, गंभीररीत्या उणी असल्याचे सांगितले. भाषा सौम्य झाली आहे. निवाडा मात्र कायम आहे.

यावर कोणी म्हणेल, तुमच्या परंपरेत पापाचा विचार नाही काय? आहे, आणि तो फार खोल आहे. आपल्या संतांनी स्वतःला पतित म्हटले, अपराधी म्हटले, पायांची धूळ म्हटले. पण त्यांनी ते म्हटले स्वतःविषयी. पाप हा शब्द त्यांच्या मुखी प्रथमपुरुषी येतो. कीर्तनात उभा राहिलेला संत समोर बसलेल्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून तू जन्मतः कलंकित आहेस, असे म्हणत नाही. तो स्वतःच्याच छातीवर हात ठेवतो. वाल्याची कथा घराघरांत सांगितली जाते. ज्यांच्यासाठी लूटमार केली त्या बायका-मुलांनी पापाचा वाटा घेण्यास नकार दिला, तेव्हा वाल्या जागा झाला. ज्याचे पाप त्याने ओळखावे आणि ज्याची तपश्चर्या त्यानेच करावी, हा त्या कथेचा अर्थ. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोच्या परिषदेत मानवाला पापी म्हणून हिणवण्यावरच आक्षेप घेतला. त्यामागे हीच दृष्टी होती. पाप प्रथमपुरुषी असते तेव्हा ते माणसाला नम्र करते, आणि द्वितीयपुरुषी झाले की त्याचे शस्त्र होते.

गुरूची शिकवण आणि शिष्यांची खुर्ची

येशूविषयी हिंदूंच्या मनात अनादर नाही, कधीच नव्हता. म्हणूनच येशूची शिकवण आणि त्याच्या नावाने चालणाऱ्या धर्मसत्तेचे आचरण यांची तुलना करण्याचा अधिकार आपल्याला आहे. इतरांचा न्याय करू नका, नाहीतर त्याच मापाने तुमचाही न्याय होईल, असे त्याने शिष्यांना बजावले होते. व्यभिचाराच्या आरोपावरून दगडांनी ठेचून मारण्यासाठी आणलेल्या स्त्रीच्या प्रसंगी, जो स्वतः निष्पाप असेल त्याने आधी पुढे यावे, असे आव्हान त्याने जमावाला दिले आणि हातातले दगड गळून पडले. एका जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? त्याने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. दुःखिताचे पाप शोधण्याआधी त्याचे दुःख दूर करा, असा धडा या प्रसंगात स्पष्ट आहे.

शिष्यांनी तो किती गिरवला? गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मधल्या थोड्या खंडाचा अपवाद वगळता १८१२ पर्यंत ते चालले. अंगणात तुळस आहे काय, जुने सणवार गुप्तपणे पाळले जातात काय, याच्या चौकशा झाल्या, आणि त्या सोसणाऱ्यांत बाप्तिस्मा घेतलेली माणसेच मोठ्या संख्येने होती. मुंबईत १८३१ साली मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माची बाजू मांडली, तेव्हा डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये प्रत्युत्तराचे पुस्तक काढले. त्याच्या शीर्षकातच हिंदू धर्म उघडा पाडण्याची भाषा होती. दोनच वर्षांनी त्यांनी दुसऱ्यांदा तोच उद्योग केला. विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, तेव्हाही प्रश्न हाच होता की दुसऱ्याच्या आत्म्याचा निकाल देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

ही वृत्ती केवळ इतिहासजमा झाली, असे समजण्याचे कारण नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत प्रलयंकारी भूकंप झाला. माणसे अजून ढिगाऱ्याखाली होती आणि अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी त्या देशाच्या पूर्वजांनी सैतानाशी केलेल्या कराराचा दाखला दिला. अनेक ख्रिस्ती नेत्यांनीच त्यांचा निषेध केला, हेही सांगितले पाहिजे. आपल्या मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली गेली. ढिगारे उपसणारे स्वयंसेवक, जवान, शेजारच्या गावांतील शेतकरी यांपैकी कोणी मृतांच्या पापपुण्याचा हिशेब मांडत बसले नव्हते.

चर्चच्या या न्यायाधीशी वृत्तीची सर्वांत बोलकी साक्ष हिंदुत्ववाद्यांची नाही. ती दोन मराठी ख्रिस्ती व्यक्तींची आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या वाट्याला काय आले? ही विदुषी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार, या कल्पनेला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्यांनी त्रैक्याविषयी शंका विचारल्या, तर तो अहंकार ठरला. त्यांनी शाकाहार सोडला नाही, त्यातही जुन्या धर्माचा अवशेष शोधला गेला. रमाबाईंनी पत्रांतून या अधिकारशाहीला जी तडफदार उत्तरे दिली, ती आजही वाचनीय आहेत. दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ साली मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही सामावणारा देवाचा दरबार मांडला. ज्यांनी येशूवर मनापासून प्रेम केले, त्यांनाच चर्चची भिंत खुपली, याचा अर्थ आमच्या ख्रिस्ती बांधवांनी शांतपणे लक्षात घ्यावा.

गळ आणि खिळे

आता पुन्हा शेंद्र्याच्या गळाकडे वळू. मिशनरी वृत्तांतांनी ज्याला मूर्तिपूजेच्या पापाचे फळ ठरवले, ती वेदनेने ऋण फेडण्याची प्रवृत्ती फक्त मूर्तिपूजकांत आढळते काय? चौदाव्या शतकात युरोपात प्लेगने थैमान घातले, तेव्हा पापक्षालनासाठी स्वतःला चाबकाने फोडून घेत गावोगाव फिरणारे जथे निघाले. पोप सहावे क्लेमेंट यांना १३४९ साली त्यांच्यावर बंदी घालावी लागली. फिलिपिन्स हा आशियातील सर्वांत मोठा कॅथलिक देश. तेथील पांपांगा प्रांतातील कुतुद या गावी १९६२ पासून गुड फ्रायडेच्या दिवशी काही भाविक खरेखुरे खिळे ठोकून स्वतःला क्रुसावर चढवून घेतात. का? कोणाचे मूल आजारातून उठलेले असते, कोणी अपघातातून वाचलेला असतो. शेंद्र्याचा मातंग भाविक आणि कुतुदचा कॅथलिक मजूर यांचा नवस एकच आहे. एकाच्या हाती गळ आहे, दुसऱ्याच्या तळव्यात खिळा.

फिलिपिन्सचे धर्मगुरू या प्रकाराला उत्तेजन देत नाहीत. गरीब माणसाच्या भोळ्या भक्तीने चुकीची वाट धरली आहे, तिला समजावून सांगितले पाहिजे, अशी त्यांची भूमिका असते. ती योग्यच आहे. प्रश्न इतकाच की, ही समजूतदार भाषा मराठवाड्यातील भाविकाच्या वाट्याला का आली नाही? आपल्या माणसाची चूक ही भोळेपणा आणि परक्या माणसाची तीच चूक हे सैतानाचे राज्य, हा न्याय झाला काय?

करुणेची किंमत

ख्रिस्ती सेवाकार्याचा मुद्दा येथे पुढे केला जाईल, आणि तो टाळण्याचे आपल्याला कारण नाही. मिशनची रुग्णालये, शाळा, कुष्ठरोग्यांचे आश्रम यांनी असंख्य माणसांना आधार दिला. जेथे आपला समाज पोहोचला नाही, तेथे ते पोहोचले. आक्षेप सेवेवर नाही. सेवेच्या टोकाला बांधलेल्या दोरीवर आहे. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत मराठी मुलखात अन्नछत्रांबरोबर आणि अनाथाश्रमांबरोबर बाप्तिस्मेही वाढले. भुकेल्या माणसाने श्रद्धेविषयी केलेला निर्णय मुक्त मानायचा काय? स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूरचे न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६ साली अहवाल दिला. शाळा, रुग्णालये आणि अनाथालये यांचा धर्मांतरासाठी वापर होत असल्याच्या तक्रारी तिने तपशिलाने नोंदवल्या आहेत.

दुसरा धागा अधिक सूक्ष्म आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक पत्र प्रसृत केले. येशूच्या यातनांशी जोडले गेलेले दुःख तारक ठरते, असा त्याचा आशय. वैयक्तिक श्रद्धा म्हणून हे कोणालाही बळ देऊ शकेल. परंतु वेदनेला पावित्र्य आले की ती शमवण्याची निकड कमी होण्याचा धोका असतो. मदर तेरेसा यांच्या कोलकात्यातील मरणासन्नांच्या आश्रमाला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी भेट दिली आणि १९९४ साली लिहिले की, तेथे प्रेम व स्वच्छता आहे, पण निदानाची शिस्त नाही आणि तीव्र वेदनाशामके नाहीत. हे कोणा हिंदू संघटनेचे आरोप नव्हते. मदर तेरेसांना २०१६ साली संतपद मिळाले. कर्करोगाने तळमळणाऱ्याला वेदनाशामक का मिळाले नाही, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. तेथे राबणाऱ्या भगिनींच्या त्यागाविषयी आदर बाळगूनही तो विचारावा लागतो.

निवाडा न करणारी सेवा शक्य आहे, याची उदाहरणे आपल्याजवळ आहेत. सदाशिव गोविंद कात्रे हे मराठी गृहस्थ स्वतः कुष्ठरुग्ण. मिशनच्या कुष्ठ रुग्णालयात राहून आल्यावर त्यांनी १९६२ साली आजच्या छत्तीसगडमधील चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. अमरावती जिल्ह्यातून गेलेले दामोदर गणेश बापट तेथे आयुष्यभर राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटेंनी कुष्ठरुग्णाच्या हाती कुदळ दिली, त्याला शेतकरी केले, कारागीर केले. ही दोन्ही कामे वेगवेगळ्या विचारांच्या माणसांनी उभी केली, पण रोग हे पापाचे फळ मानायचे नाही, यावर दोघांचे एकमत होते.

आता आपला हिशेब

येथवर वाचून ज्यांना समाधान वाटले असेल, त्यांनी पुढचा भाग अधिक लक्षपूर्वक वाचावा. कारण दुसऱ्याचा निवाडा करणाऱ्याला दोष देता देता आपणच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो, हा धोका मोठा आहे.

कर्मसिद्धान्त हा स्वतःला जबाबदार धरण्यासाठी आहे. आपण त्याचा उपयोग कसा केला? विधवेला म्हटले, तुझे पूर्वजन्मीचे पाप. कुष्ठरोग्याला म्हटले, तुझे प्रारब्ध. वेशीबाहेरच्या माणसाला म्हटले, तुझे संचित. पाप हा शब्द आपणही द्वितीयपुरुषी वापरला आणि त्याच्या आधारे विहिरी बंद केल्या, देवळांची दारे लावली. आद्यपापाचा सिद्धान्त सर्व मानवांना सारखाच कलंकित मानतो. आपल्या रूढीने तो कलंक नेमका दुबळ्यांच्या माथी मारला. येथे कोणाला पळवाट नाही.

शेंद्र्याहून त्याच रस्त्याने पुढे गेले की जालना येते. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. त्यातील ख्रिस्ती झालेली कुटुंबे प्रामुख्याने मांग आणि महार समाजांतील होती. ती वसाहत कोणी वसवली? रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या मराठी माणसाने. १८४३ साली ते मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्या वेळी अजाण होता; न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला, आणि त्यांच्यावर तुटून पडले ते आपलेच सनातनी शास्त्री-पंडित. मिशनच्या घरात जेवलेले एक पोर परत घ्यायचे की नाही, यावर मुंबई-पुण्याचा ब्राह्मणवर्ग दुभंगला. एका भावाला बाहेरच्यांनी नेले. दुसरा परत आला, तर त्याच्यासाठी दार उघडायला आपण कुरकुरलो. पुढे त्याच थोरल्या भावाने जालन्याला जाऊन, आपण ज्यांना शिवत नव्हतो त्यांना घरे बांधून दिली. यात लबाडी कोणाची आणि अपराध कोणाचा, हे प्रत्येकाने मनाशी ठरवावे.

शारदासदनाचीही कथा तशीच. पुण्यात १८९३ साली तेथील धर्मप्रसाराच्या प्रश्नावर वादळ उठले, केसरीने टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टीकेला आधार होता. पण बालविधवेने जायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर अग्रलेखांत नव्हते. ते १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढून दिले. त्या कामात त्यांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या त्यांच्या पत्नी आनंदीबाई या शारदासदनातच शिकलेल्या होत्या. मिशनऱ्यांच्या करुणेला खरे उत्तर मिळाले ते हिंगण्याच्या माळावर.

आणि अशा उत्तराची परंपरा आपल्याकडे नवी नाही. याच जिल्ह्यातील पैठणच्या नाथमहाराजांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे लेकरू कडेवर घेतले. श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अंत्यजांना वाढला. गावातील ब्रह्मवृंदाने त्यांचा निवाडा केला, त्यांना प्रायश्चित्त सांगितले. नाथांनी त्या लेकराच्या कुळाची चौकशी केली नव्हती. आज चारशे वर्षांनंतर त्या न्यायाधीशांपैकी एकाचेही नाव कोणाला आठवत नाही.

येत्या चैत्रात

मांगीरबाबाच्या यात्रेकडे आज तीन प्रकारचे लोक पाहतात. धर्मप्रचारकाला तेथे अंधारातले आत्मे दिसतात. बुद्धिवादी कार्यकर्त्याला मागासलेपणा दिसतो. त्याची तळमळ खरी असते, पण पुष्कळदा त्याची भाषा भाविकाला दूर ढकलते. तिसरा आहे तो आपल्यासारखा शहरी, सुशिक्षित हिंदू. त्याला त्या गर्दीची लाज वाटते. हे लोक आपले नव्हेतच, अशा चेहऱ्याने तो औद्योगिक वसाहतीकडे गाडी वळवतो. तिघांचाही निवाडा तयार आहे. जखमेवर हात ठेवणारा चौथा माणूस कोठे आहे?

गळ थांबला पाहिजे, याविषयी शंका नको. वेदनेच्या मोबदल्यात वर देणारा देव ही कल्पना आपल्या संतांनीच नाकारली आहे. गंजका गळ धनुर्वाताला निमंत्रण देतो, हे सांगायला शास्त्रार्थाची गरज नाही. आणि समाज आतून बदलू शकतो, याचे उदाहरण वाईजवळच्या बावधनला आहे. तेथील बगाडात पूर्वी पाठीत गळ खुपसत. आता बगाड्याला बांधून फिरवतात. यात्रा मोडली नाही, श्रद्धा उणावली नाही, कातडी मात्र वाचली.

शेंद्र्यात हे घडवायचे तर क्रम पाळावा लागेल. आधी वर्षभर जाणेयेणे हवे. ज्या वस्तीतून नवस निघतो त्या वस्तीत आरोग्य केंद्र चालते काय, प्रसूतीला दवाखाना जवळ आहे काय, वसाहतीतील कारखान्यांत त्या घरातील पोरांना काम मिळते काय, हे पाहावे लागेल. याच शहरात १९८९ पासून डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे आहे. वस्त्यावस्त्यांत जाणारे डॉक्टर आपल्याकडे आहेत. यात्रेच्या दिवसांत मलमपट्टी, धनुर्वाताची लस आणि पिण्याचे पाणी घेऊन बसणारी माणसे हवीत, फलक घेऊन उभी राहणारी नकोत. मग मातंग समाजातील जाणती मंडळी, बाबाचे पुजारी आणि नवस बोललेल्या आयाबाया यांच्याशी बोलणे सुरू होईल. गळाऐवजी रक्तदान करावे काय, नवसाच्या खर्चातून एखाद्या मुलीचे शिक्षण करावे काय, याचा निर्णय त्यांनी घ्यायचा आहे. आपण फक्त शेजारी बसायचे आहे, आणि तेही त्यांच्या पंगतीत बसून.

चर्चच्या निवाड्याविरुद्ध आपण कितीही लेख लिहिले, तरी त्या लेखांनी गळ टोचलेल्या पाठीवरची जखम भरत नाही. उद्या तो भाविक विचारील की, तुम्ही मला पापी म्हणत नाही हे ठीक, पण माझे लेकरू तापाने फणफणत होते तेव्हा तुम्ही कोठे होता? या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी आपल्याजवळ असेल, त्या दिवशी बेथेलसारख्या वसाहती का उभ्या राहिल्या, याची चर्चा करण्याची वेळ येणार नाही. चैत्र दूर नाही. वस्तीतली पहिली फेरी याच आठवड्यात सुरू करता येईल.